मोबाइल काढा, वाटी-चमचा द्या!

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपली आणि चपला घालता घालता वस्तीतल्या एका ताईने आम्हाला थांबवले. "जयभीम भाऊ. पोरगी अडीच वर्षांची झाली. नर्सरीत नाव घालायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी विचारलं, यातला लाल रंग कोणता? पोरगी गप्प. बाई म्हणाल्या, घरी काही शिकवलंच नाही का तुम्ही? आता तुम्हीच सांगा भाऊ, मी सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते. शिकवू कधी? आणि शिकवू काय? मला तरी कुठं इंग्रजी येतं?"

ताईचा आवाज भरून आला होता. शेजारी आजीच्या कडेवर ती चिमुरडी होती आणि तिच्या हातात मोबाइल. त्यात इंग्रजी गाणे वाजत होते. आजी म्हणाली, "काय करणार बाबा, हे दिलं की तेवढ्यापुरती गप राहते."

बंधू-भगिनींनो, ही एका घराची गोष्ट नाही. आमच्या बहुतेक वस्त्यांत आज हेच चित्र आहे. पोर रांगायला लागले की त्याच्या हातात मोबाइल, अडीच वर्षांचे झाले की कर्ज काढून नर्सरी, आणि तिथे पोर बोलले नाही की दोष आईचा! शिक्षण ही पैसे मोजून दुकानातून आणायची वस्तू आहे, ती इंग्रजीतूनच मिळते आणि आपल्या घरात ती नाही, हे आमच्या मनावर पद्धतशीर बिंबवले गेले आहे. पूर्वी सांगितले जायचे की तुम्हाला ज्ञानाचा अधिकार नाही. आता सांगितले जाते की तुम्हाला ज्ञान परवडत नाही. भाषा बदलली. परिणाम तोच!

म्हणून या ताईला द्यायचे उत्तर आम्ही आज सर्वांसमोर देत आहोत. एक ते तीन वर्षांच्या लेकराला शिकवण्यासाठी लागणारे सगळे साहित्य ताईच्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली पडलेले आहे. फी लागत नाही. इंग्रजी लागत नाही. लागते ते घरातल्या माणसाचे अर्ध्या तासाचे लक्ष.

आधी थोडा इतिहास पाहू. आज शहरातील श्रीमंत वसाहतींत 'मॉन्टेसरी' अशी पाटी लावून पालकांकडून भरमसाट फी घेतली जाते. पण ही पद्धत जन्माला आली कुठे? ६ जानेवारी १९०७ रोजी इटलीतील रोम शहरात सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब कामगार वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर जिन्यांवर नि अंगणात मोकाट फिरणारी पोरे, हेच तिथले पहिले विद्यार्थी. मॉन्टेसरीबाई डॉक्टर होत्या. त्याआधी त्यांनी 'मंदबुद्धी' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम केले होते. त्यांनी पाहिले की लहान मूल ऐकून शिकत नाही, ते हाताने शिकते. उचलते, ठेवते, ओतते, लावते, पुन्हा काढते आणि पुन्हा लावते. म्हणजे ज्या पद्धतीच्या नावाने आज श्रीमंतांची दुकाने चालतात, ती मुळात आमच्यासारख्यांच्या वस्तीतून निघालेली आहे! ती परत आपल्या वस्तीत आणण्यात लाज कसली?

महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच उठून त्या वस्तीच्या अंगणात गेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. शिंपले, बिया, काड्या, पाने, माती हेच तिथले साहित्य. आज देशभर वापरल्या जाणाऱ्या 'अंगणवाडी' या शब्दामागे आमच्या अंगणाचा हा इतिहास आहे, हे आमच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, ही सगळी जुनी गोष्ट झाली. तर मग जमैकाचे उदाहरण घ्या. हा देश आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वारसांचा. तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये कुपोषणामुळे वाढ खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ बालके निवडली गेली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्यातून एक तास जात असे. ती काय करी? घरच्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी नेई आणि आईला बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवी. इतकेच! वीसेक वर्षांनी संशोधकांनी याच मुलांना पुन्हा शोधून काढले. ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई, ज्यांच्या घरी तो पोचला नव्हता त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना फक्त जादा आहार दिला होता, त्यांच्या कमाईत मात्र असा फरक दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा कोणी काढू नये. उपाशी पोर खेळणार कसे? अर्थ एवढाच की पोट भरले म्हणजे काम संपत नाही. लेकराच्या हाताला नि जिभेलाही रोज काहीतरी हवे असते.

आता एक आक्षेप आम्हाला आधीच ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. आमचे काही जाणते वाचक म्हणतील, "हाताचे शिक्षण? म्हणजे आमच्या पोरांनी पुन्हा झाडू, रापी आणि टोपलीच धरायची काय?" हा संशय हवेतून आलेला नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियार रामस्वामींनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले. लोक रस्त्यावर आले. १९५४ मध्ये राजगोपालाचारींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. असे 'हाताचे शिक्षण' आम्हाला तेव्हा नको होते, आजही नको.

पण दोन वर्षांच्या बाळाने वाटीतले पाणी पेल्यात ओतणे म्हणजे धंदेशिक्षण नव्हे. ती लेखणी धरण्याची पूर्वतयारी आहे. बाळ आधी सगळी वस्तू मुठीत धरते. मग अंगठा आणि बोटे वेगळी काम करू लागतात. मग तीन बोटांची चिमूट येते. त्याच चिमटीत पुढे पेन्सिल बसते. मनगट वळायला शिकले नाही, बोटांत जोर आला नाही, तर पहिलीत अक्षर गिरवताना पोराचा हात दुखतो, अक्षर बिघडते, मार बसतो आणि शाळेचा तिटकारा येतो. व्यवस्थेने एका जातीला डोके दिले आणि दुसऱ्या जातीला हात दिले. डोकेवाल्याने हात मळवायचे नाहीत, हातवाल्याने डोके चालवायचे नाही! लेकरू जेव्हा हाताने करता करता विचार करते, तेव्हा ते ही फाळणीच मोडते. आम्हाला हवे आहे ते हे.

तेव्हा प्रत्यक्ष करायचे काय? आम्ही यादी देतो. ती कापून भिंतीला लावा.

एक वर्षाच्या आसपासच्या बाळाला स्टीलचे दोन-तीन डबे नि त्यांची झाकणे द्या. कोणते झाकण कोणत्या डब्याला बसते ते त्याचे त्यालाच शोधू द्या. चुकेल, आदळेल, आवाज करील. करू द्या. लहान डबा मोठ्या डब्यात जातो, मोठा लहानात जात नाही, हे त्याच्या हाताला कळते. पुढे गणितात हेच लागणार आहे. टोपलीत बटाटे, कांदे, चमचे, वाटी, कापडाचा तुकडा अशा वस्तू ठेवा. तो एकेक बाहेर काढील, आत टाकील. प्रत्येक वस्तूचे नाव घ्या. "हा बटाटा. हा गार चमचा. हे मऊ फडकं." मोबाइलमधला बटाटा गारही नसतो आणि जडही नसतो.

दीड वर्षानंतर पाणी द्या. परातीत दोन पेले आणि अर्धा पेला पाणी. यातून त्यात, त्यातून यात. थोडे सांडेल, मग फडके द्या आणि त्यालाच पुसू द्या. ओतणे जमले की सुकी ज्वारी नि छोटी वाटी. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा त्याच्यापुढे टाका. तो दाबील, लांबवील, तोडील. बोटांना याहून चांगली कसरत नाही. मेथी निवडायला बसलात की चार काड्या त्याला द्या. पाने खुडताना अंगठा आणि तर्जनी एकत्र येतात.

दोन वर्षांनंतर वेगळे करणे नि जोडी लावणे सुरू करा. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायच्या. कांदे इकडे, बटाटे तिकडे. मोठे चमचे एका बाजूला, लहान दुसऱ्या. कपड्यांचे चिमटे डब्याच्या काठाला लावायचे. हे जमायला वेळ लागतो, पण जमले की पोर हरखून जाते. थाळीत रवा पसरून त्यावर बोटाने रेघा ओढायच्या. ही आपली जुनी धूळपाटी! फरशीवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने गोल काढायचे. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या. भाकरीचे तुकडे करताना म्हणायचे, "एक तुकडा तुला, एक आजीला, एक मला. किती झाले?"

आणि हो, वाचून झाल्यावर हे वर्तमानपत्रही त्याच्या हातात द्या. त्याच्या लांब पट्ट्या फाडू द्या. कागद फाडायला दोन्ही हात उलट दिशेने चालवावे लागतात. बाबासाहेबांचे छायाचित्र असलेले पान तेवढे आधी बाजूला काढून ठेवा! ते पुठ्ठ्यावर चिकटवा. जोतिरावांचे, सावित्रीमाईंचे, घरातल्या आजी-आजोबांचे फोटो चिकटवा, जाहिरातीतली भाज्यांची, गाईची, रेल्वेची चित्रे चिकटवा, दोऱ्याने बांधा. झाले पोराचे पहिले पुस्तक. "सावित्रीमाई कुठं आहे, दाखव!" म्हटल्यावर ते बोट ठेवील. त्या दिवशी त्याचे वाचन सुरू झाले असे समजा.

या कामात काही नियम आम्ही कटाक्षाने सांगतो. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती शेंगदाणे, चणे, वाटाणे, मणी, बटणे, नाणी, गोट्या देऊ नका. घशात अडकून जीव जातो. ज्वारीचा खेळही तुम्ही समोर असतानाच, आणि नाका-कानात दाणा जात नाही ना हे पाहूनच. रिमोट किंवा घड्याळातला बटणासारखा सेल तर नजरेच्याही बाहेर ठेवा. पाण्याची बादली भरून मुलाला एकटे सोडू नका. बुडायला विहीर लागत नाही, अर्धी बादलीही पुरते. चूल, स्टोव्ह, रॉकेलच्या बाटल्या दूर ठेवा. खेळ संपला की वस्तू उचलून ठेवा.

दुसरा नियम शिकवण्याबद्दल. पोराने चुकीचे झाकण लावले की हात धरून "अगं असं नाही, असं" करू नका. थांबा. त्याला पुन्हा करू द्या. एकच गोष्ट ते वीस वेळा करील. तो खोडकरपणा नसतो, तोच अभ्यास असतो. आणि तोंड बंद ठेवून खेळवू नका. त्याच्याशी आपल्या भाषेत, आपल्या बोलीत बोला. वऱ्हाडी असो, मालवणी असो, मराठवाड्यातली असो, घरची बोली बोलताना लाजू नका. पक्की घरची भाषा असलेल्या मुलाला पुढे इंग्रजी शिकणे सोपे जाते. जिला कोणतीच भाषा भरपूर ऐकायला मिळाली नाही, ती इंग्रजीही काय शिकणार?

मोबाइलबद्दल आमचे मत सोडा, जागतिक आरोग्य संघटनेचे ऐका. २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके बरे. मोबाइल बोलतो, पण पोराचे ऐकत नाही. पोर 'मा' म्हणाले तर तो 'काय ग माझी बाय' म्हणत नाही. दिवसभर राबून आलेल्या आईला आम्ही दोष देत नाही. तिने तो दिला तो नाइलाजाने. म्हणून प्रश्न आईचा नाही, सगळ्या घराचा आहे.

आणि इथे आम्हा पुरुषांना आरशात पाहावे लागेल. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांनी परळच्या चाळीतील एका खोलीत शाळा केली. खोली एकच, माणसे अनेक. तरी पहाटे दोन वाजता ते मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणत. तो बाप होता! आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत नाचू, नेत्यांच्या सभांना गाड्या भरून जाऊ, पण घरातल्या दीड वर्षाच्या लेकीपुढे दोन डबे घेऊन पंधरा मिनिटे बसणार नाही. ते 'बाईचं काम'! बाईचे काम आणि पुरुषाचे काम अशी वाटणी मनूने केली, ती आम्ही घरात का पाळतो? हे खेळ मुलगा-मुलगी दोघांनाही सारखे. मुलीच्या हाती खेळातली चूल आणि मुलाच्या हाती खेळातली गाडी, असा भेद करू नका.

पण सगळे ओझे घरावर टाकून शासनाला मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. मूळ संविधानाच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. 'चौदा वर्षांपर्यंत' यात शून्य ते सहाचे मूलही आले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क केले खरे, पण ६ ते १४ याच वयासाठी! सहा वर्षांखालचे मूल हक्कातून वगळले आणि त्याच्यासाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढेच ४५ व्या कलमात उरले. आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग ज्या वयात मेंदू घडतो त्याच वयात हक्क नाही, हा कुठला न्याय? त्याची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरी पैसा आहे तो नाही.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात आकडे मांडून दाखवले होते की प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. शाळेचे दार उघडे असणे पुरेसे नाही, पोर तिथे टिकले पाहिजे, हा त्याचा अर्थ. टिकण्याची तयारी पहिलीच्या कितीतरी आधी सुरू होते.

म्हणून अंगणवाडी ही आपली लढाई आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या या योजनेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला आहे की ज्या ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य देण्याचेही न्यायालयाने बजावले आहे. तुमच्या वस्तीत अशी किती मुले आहेत ते मोजा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अंगणवाडी असेल तर तिथे खिचडीपलीकडे काही चालते का ते पाहा. शून्य ते तीन वयाच्या बालकांसाठी केंद्र शासनाने २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला आहे, त्यात घरच्या साध्या वस्तूंचे असेच खेळ सांगितले आहेत. तो तुमच्या वस्तीत पोचला का, हे विचारा. मात्र सेविकाताईवर आवाज चढवू नका. तीही राबणारी बाई आहे, तिच्या मानधनाच्या लढ्यात उभे राहा.

आणि विहारे? आमच्या वस्त्यांतली कित्येक विहारे आठवडाभर कुलूपबंद असतात. तिथे एक पत्र्याची पेटी ठेवा. त्यात डबे, झाकणे, चिमटे, कापडी चेंडू, लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची पुस्तके. खर्च डीजेच्या एका तासाइतकाही येणार नाही. रविवारी वंदनेनंतर एक तास, तीन वर्षांखालची मुले आणि त्यांचे आईबाप, दोघेही. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनी चालवावे. आजींना मुद्दाम बोलवावे.

त्या ताईच्या घरी आम्ही संध्याकाळी गेलो होतो. आजी मेथी निवडत होती. आम्ही मोबाइल फळीवर ठेवला आणि पोरीपुढे चार काड्या टाकल्या. पहिल्यांदा ती मोबाइलसाठी रडली, चांगली दहा मिनिटे रडली. मग एक पान खुडले. मग दुसरे. आजी म्हणाली, "मी अंगठेबहाद्दर, मी काय शिकवणार हिला?" आम्ही म्हणालो, आजी, तुम्ही आत्ता तेच करताय. आजी बोलत होती, "हे पान कवळं, हे जून, हे पिवळं पडलं, टाकून दे." पोरगी पिवळे पान उचलून बाजूला टाकत होती. नर्सरीच्या बाईंनी लाल विचारला होता. पिवळा तिला आजीकडून कळला, त्याला फी लागली नाही.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द शिक्षण आहे. त्याची सुरुवात शाळेच्या पहिल्या घंटेला होत नाही. ती आपल्या घरात, आपल्या ओट्याखाली, दोन डबे नि एका वाटीने होते. आज रात्री कामावरून घरी गेलात की मोबाइल फळीवर ठेवा आणि लेकरापुढे जमिनीवर बसा. चळवळीचे हेही काम आहे. जयभीम!